पालकत्वाच्या गोष्टी गोळा करताना: ‘स्वर्गसुखा’पलीकडचं ऐकायचं असेल तर

मिरजेच्या एका हौशी नाट्यसंस्थेतल्या कार्यकर्तीने विचारलंय: ‘आमच्या भागातल्या आईबापांच्या खऱ्या गोष्टी गोळा करून त्यांचं अभिवाचन आणि छोटंसं प्रदर्शन करायचा विचार आहे, मे महिन्यातल्या मातृदिनाला. व्हॉट्सअ‍ॅपवर फॉर्म फिरवला. उत्तरं आली, पण सगळी एकाच साच्यातली. आई होणं म्हणजे स्वर्गसुख, मुलं म्हणजे देवाघरची फुलं. वडील मंडळींनी तर जवळजवळ काहीच लिहिलं नाही. लोकांना बोलतं कसं करायचं? आणि नावं छापायची की बदलायची?’

बरीच वर्षं हेच काम करतेय, म्हणून जरा पाल्हाळ लावून उत्तर देते.

लोक बोलत नाहीत, हे काही खरं नाही. बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत अर्धा तास बसा. शेजारची बाई तुम्हाला तिच्या सिझेरियनपासून सासूच्या शेरेबाजीपर्यंत सगळं सांगून टाकेल. तीच बाई तुमच्या फॉर्ममध्ये ‘मातृत्व हे वरदान आहे’ असं लिहिते. कारण फॉर्म आला की शाळेतला निबंध आठवतो आणि हात आपोआप निबंध लिहायला लागतो. ‘पालकत्वाने तुम्हाला काय दिलं?’ असा प्रश्न तुम्ही विचारला असणार. बहुतेक सगळे असंच विचारतात. या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे आधीच तयार असतं. ते खोटं नसतं, पण ते त्या माणसाचंही नसतं.

म्हणून भावना विचारू नका, काम विचारा. वस्तू विचारा, पैसे विचारा, रात्रीचे किती वाजले होते ते विचारा. मी वापरते त्यातला एक प्रश्न असा: ‘बाळ झाल्यावर मिठाई कोणती वाटलीत, आणि ती कुणी ठरवली?’ आपल्याकडे मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी किंवा जिलबी, ही पद्धत अजून पुरती गेलेली नाही. स्त्री-पुरुष समानतेवर मत विचारलं तर सगळे समानतावादी असतात. मिठाई विचारली की सांगतात, ‘सासरे दुकानात गेले आणि हात हलवत परत आले. मग संध्याकाळी भाऊ पेढे घेऊन आला, मुद्दाम पेढेच.’ एवढ्यात एक घर उभं राहतं. ‘दवाखान्याचं बिल कुणी भरलं?’, ‘पहिल्या महिन्यात रात्री कोण उठायचं?’, ‘बाळाला पहिली अंघोळ कुणी घातली?’, ‘नाव कुणाच्या मनाप्रमाणे ठेवलं?’ हेही चांगले प्रश्न आहेत. यातल्या एकाचंही उत्तर ‘वरदान’ असं देता येत नाही.

दुसरी गोष्ट हातांची. जात्यावर बसलं की ओवी सुचते, असं आपण सहज म्हणून जातो, पण या कामात ती म्हण शब्दशः घ्यावी असं मला वाटतं. जात्यावरच्या ओव्यांचं महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं संकलन हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यातून उभं केलं. हजारावर गावं, लाखाहून जास्त ओव्या. 2017 पासून ‘परी’, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया, या संग्रहातल्या ओव्या टप्प्याटप्प्याने सगळ्यांसाठी खुल्या करतंय. सवड काढून ऐका. लेकीचा जन्म, माहेर, लेकाचं कौतुक, बाळंतपणाची भीती, सगळं त्यात आहे, आणि घरात चारचौघांत जे बोलायची सोय नव्हती तेही आहे. ते जात्यावर का निघालं? पहाटेची वेळ, हात कामात, नजर समोरच्या बाईच्या तोंडाकडे नाही, जात्याच्या घरघरीचा आडोसा आणि ऐकायला दुसरी बाईच. आता जाती गेली. पण तुम्हाला हीच परिस्थिती पुन्हा तयार करायची आहे.

म्हणून मी बैठकीत हाताला काम देते. गोधडीचे तुकडे जोडणं सगळ्यात उत्तम. जुनी लुगडी, मुलांचे विटलेले फ्रॉक, शाळेचे गणवेश असं सगळं ज्याने त्याने घरून आणायचं. टाके घालताना खाली बघायची मुभा असते. मान वर न करता बोललेलं वाक्य आणि मान वर करून बोललेलं वाक्य यांत किती फरक असतो ते पहिल्याच बैठकीत कळेल तुम्हाला. शिवाय प्रदर्शनात लावायला गोधडी आपसूक तयार होते, वेगळं काही बनवावं लागत नाही. शिवणं नको असेल तर लसूण सोला, शेंगा फोडा. काहीही चालेल.

एका बैठकीत बाळगुटीचा विषय निघाला होता. एक आजी घरून सहाण घेऊन आल्या होत्या. वेखंड, मायफळ, हळकुंड, सुंठ, खारीक, बदाम अशी पुरचुंडी सोडली आणि उगाळून दाखवायला लागल्या. कशाचे किती वेढे, तिसऱ्या महिन्यात काय वाढवायचं, सर्दी असेल तर काय. (गुटीचा मी पुरस्कार करत नाही. डॉक्टर पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध सांगतात आणि तेच ऐकावं. आजींनाही तिथे एका नर्सबाईने तसं सांगितलं, त्यावरून दहा मिनिटं वाद झाला, तोही फार छान ध्वनिमुद्रित झालाय.) तर उगाळता उगाळता आजी म्हणाल्या, ‘थोरल्याला अशी दिली, तिसरीला अशी दिली.’ हात चालूच होता. कुणीतरी विचारलं, ‘आणि मधल्याला?’ आजी म्हणाल्या, ‘त्याला द्यायची वेळच नाही आली.’ आणि खारीक उचलली.

अशा वेळी काय करायचं याचा विचार तुमच्या गटाने बैठकीच्या आधी करायला हवा, तिथे बसून सुचत नाही. आमचा नियम असा आहे की आपण पुढचा प्रश्न विचारायचा नाही. सांगायचं असेल तर सांगतील. त्या दिवशी आजींनी सांगितलं, पण दोन खारका उगाळून झाल्यावर. मधली शांतता ज्याला सोसत नाही त्याला संकलनाला पाठवू नका. त्याला चहाच्या व्यवस्थेला ठेवा, तिथेही माणूस लागतोच.

गटाचा आकार लहान ठेवा, सहा ते आठ जणी. नात्यातल्या दोघी एकाच बैठकीत नकोत. सासू आणि सून शेजारी बसल्या की दोघीही निबंधावर येतात. वेळ दुपारी दोन ते चारच्या मधली, घरची कामं आटोपलेली आणि शाळा सुटायच्या आतली. जागा कुणाच्या घरी नको, कारण मग त्या घराच्या गोष्टी येत नाहीत. अंगणवाडी, ग्रंथालयाची खोली, समाजमंदिर बघा. ध्वनिमुद्रणासाठी चांगला फोन आणि साधा कॉलरचा माइक पुरतो. फोन फ्लाइट मोडवर टाका आणि पंख्याखाली बसू नका.

आता वडील. इथे मात्र माझा तुमच्याशी थोडा वाद आहे. ‘वडिलांनी लिहिलं नाही’ असं म्हणताना तुम्ही कार्यक्रम मातृदिनाला ठेवलाय, हे लक्षात घ्या. बोलावणं आईला आलंय, असंच कुणीही समजेल. त्यातून पुरुषांना ‘बाप म्हणून काय वाटतं’ विचारलं की ते ‘जबाबदारी वाढली’ एवढं म्हणतात आणि घड्याळ बघतात. त्यांना मी विचारते, ‘बाळ झालं तेव्हा तुम्ही कुठे होतात?’ कारण बरेचसे जवळ नव्हते. कुणी ट्रकवर होता आणि त्याला एसटीडी बूथवरून कळलं. कुणी कारखान्यात दुसऱ्या पाळीला होता आणि सुट्टी मिळाली नाही. जुन्या पद्धतीप्रमाणे पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे कित्येकांनी स्वतःचं मूल बारशालाच पहिल्यांदा पाहिलं. ‘कुठे होतात’ म्हटलं की पुरुष प्रवास सांगतो, आणि प्रवासाच्या ओघात बाकीचं येतं. गाडी, अंतर, पैसे, कुणाकडून उसने घेतले, या वाटेने जा. बैठक रविवारी सकाळी किंवा रात्री नऊनंतर, आणि शक्य असेल तर विचारणारा पुरुष असू दे, जो स्वतः बाप आहे. तरुण मुलीने माइक धरला की पुरुष उपदेश करायला लागतात.

आणखी एक पद्धत वापरून बघण्यासारखी आहे. अमेरिकेत ‘स्टोरीकोर’ नावाचा उपक्रम 2003 साली न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकातल्या एका छोट्या खोलीतून सुरू झाला. ओळखीची दोन माणसं समोरासमोर बसून चाळीसेक मिनिटं बोलतात, संस्थेचा माणूस फक्त यंत्र सांभाळतो, आणि त्यांची परवानगी असेल तर मुद्रण तिथल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपलं जातं. यातलं घेण्यासारखं काय, तर विचारणारा परका नसतो. मोठ्या झालेल्या मुलीने आईला विचारावं, ‘मी झाले तेव्हा तुला नोकरी सोडावी लागली का गं?’ हे मी विचारलं तर मिळणार नाही. पण आपल्याकडे ही जोडी जपून लावा. वयात आलेली, स्वतःचं घर असलेली मुलं आणि त्यांचे आईवडील असतील तर जमतं. शाळकरी मुलाला आईसमोर बसवू नका. तो बिचारा पाठ केलेलं म्हणतो.

आता नावाचा प्रश्न. तुम्ही तो शेवटी, जाता जाता विचारलाय, पण माझ्या मते सगळ्यात अवघड भाग हाच आहे. पालकत्वाच्या गोष्टीत सांगणारा एक असतो आणि ज्याच्याबद्दल सांगितलं जातं तो दुसरा. आईने संमतीपत्रावर सही केली, पण ज्या मुलाच्या अंथरूण ओलं करण्याची गोष्ट ती सांगते त्याला कुणी विचारलं? आज तो सहा वर्षांचा आहे. सोळाव्या वर्षी तो मिरजेतच असेल, त्याच शाळेत, आणि तुमची चित्रफीत तेव्हाही यूट्यूबवर असेल.

साताऱ्यात 2011 साली ‘नकुशी’, ‘नकुसा’ अशी नावं असलेल्या दोनशेहून अधिक मुलींचं प्रशासनाने समारंभाने नव्याने नामकरण केलं. नावं बदलली हे उत्तमच झालं. बातम्या पार परदेशापर्यंत पोचल्या. त्या आईबापांकडे सांगण्यासारखं पुष्कळ असणार, आणि एखाद्या आईने तुमच्या बैठकीत ‘मी लेकीचं नाव नकुशी का ठेवलं’ हे मोकळेपणाने सांगितलं, तर मंचावर त्याने काळजाचं पाणी होईल. पण ती गोष्ट जितकी आईची तितकीच, किंबहुना जास्त, मुलीची आहे. अशा ठिकाणी मी मुलीला विचारल्याशिवाय पुढे जात नाही. ती लहान असेल तर गोष्ट संग्रहात बंद ठेवते. मंचावर आणत नाही, नाव बदलूनसुद्धा नाही.

‘नाव बदलून’ या उपायावर लोकांचा फार भरवसा असतो. मुंबईत तो बऱ्यापैकी चालतो. मिरजेच्या एका पेठेत ‘एक शिक्षिका, दोन मुली, नवरा रेल्वेत’ म्हटलं की प्रेक्षागृहातली निम्मी माणसं मागे वळून बघतात. नाव बदलायचं तर नोकरी, गल्ली, मुलांची संख्या आणि शक्य तर काळही बदला. तेवढं बदलून गोष्ट पांगळी होत असेल तर ती तुमच्या गावात दाखवायची गोष्ट नव्हे. ती दुसऱ्या गावी दाखवा.

याची उलट बाजूही आहे. सरसकट सगळ्यांची नावं लपवणं हाही एक अन्यायच. ओव्यांच्या त्या संग्रहात गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव दिलेलं असतं, आणि ते तसंच हवं, कारण ती निर्मिती तिची आहे. तुमच्याकडेही एखादी बाई म्हणेल, ‘माझं पूर्ण नाव लावा, नवऱ्याचं मधलं नाव गाळून.’ ते ऐका. त्यामुळे ‘नाव द्यायचं की नाही’ असा एकच प्रश्न न ठेवता मी पर्याय समोर ठेवते. पूर्ण नावाने, बदललेल्या नावाने, आवाज नको, फक्त मजकूर, किंवा फक्त संग्रहात, सादरीकरणात नाही. आणि हे दोनदा विचारते. एकदा मुद्रणाआधी, दुसऱ्यांदा मजकूर तयार झाल्यावर, तो वाचून दाखवून. बोलण्याच्या भरात माणूस सगळं देऊन टाकतो. आठवड्याने घरी बसून वाचताना त्याला कळतं की काय दिलं. दुसऱ्या खेपेला कुणी नको म्हटलं तर चेहरा पाडायचा नाही आणि कारण विचारायचं नाही. मागे घ्यायची शेवटची तारीख मात्र आधीच सांगून ठेवा, म्हणजे छपाईच्या वेळी घोळ होत नाही. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांचा अंगठा घेऊन मोकळं होऊ नका. संमतीचा मजकूर बोलीत सांगा आणि त्यांचा होकार त्यांच्याच आवाजात मुद्रित करा.

कायद्याच्या दोन बाबी आधीच माहीत असाव्यात. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं बैठकीत कळलं तर पॉक्सो कायद्याच्या 19व्या कलमाप्रमाणे ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तुम्हालाही, फक्त डॉक्टर-शिक्षकांना नव्हे. म्हणून ‘इथलं बोलणं या खोलीबाहेर जाणार नाही’ असं सरसकट वचन सुरुवातीला देऊ नका. ‘एखाद्या मुलाला धोका आहे असं कळलं तर आम्हाला कळवावं लागेल’ एवढं स्पष्ट सांगा. दुसरं, बालगृहातली किंवा बाल कल्याण समितीपुढे आलेली मुलं. त्यांची ओळख उघड होईल असं काहीही प्रसिद्ध करायला 2015 च्या बाल न्याय कायद्याने मनाई आहे, शाळेचं नावसुद्धा नाही. दत्तक पालक बोलायला तयार असतील तर आधी शांतपणे विचारा: मुलाला माहीत आहे का? किती माहीत आहे? काही घरांत ते अजून सांगायचं असतं.

गर्भपात, मूल जाणं, मूल न होणं, या गोष्टी येणारच. तुम्ही ‘आईबाप’ म्हणून बोलावलंत तर ज्यांचं मूल राहिलं नाही ते येत नाहीत, आणि त्यांना यायचं असतं. बोलावण्यात एक ओळ घाला: ‘ज्यांचं मूल आज सोबत नाही, तेही.’ बैठकीला एखादी समुपदेशक किंवा अनुभवी आशाताई शेजारच्या खोलीत असू द्या, आणि ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक चिठ्ठीवर छापून प्रत्येकाला द्या, सगळ्यांना सारखाच, म्हणजे कुणाकडे बोट गेलं असं होत नाही. बैठकीनंतर दुसऱ्या दिवशी फोन करा. ‘गोष्ट छान होती’ म्हणायला नव्हे, ‘झोप लागली का’ विचारायला.

हे सगळं परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे, ते सांगते. तुम्ही त्याच वस्तीतल्या असाल तर दार लवकर उघडतं, पण काही गोष्टी तुमच्यापाशी कधीच येणार नाहीत, कारण तुम्ही उद्या त्यांना भाजी बाजारात भेटणार आहात. तिथे बाहेरचं माणूस उपयोगी पडतं. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या गोष्टी हव्या असतील तर दिवाळीनंतर गावात ती माणसंच नसतात. त्यांच्या फडावर जावं लागेल आणि तिथे दुपारची दोनची वेळ चालणार नाही. मुस्लिम मोहल्ल्यात, ख्रिस्ती वस्तीत पेढे-बारसं हे प्रश्न जसेच्या तसे नेऊ नका. तिथल्याच एखादीला सोबत घेऊन प्रश्न नव्याने बांधा. मिरजेत हे तर पहिल्या आठवड्यातच लागेल.

सादरीकरणाबद्दल थोडं. ज्यांनी गोष्ट दिली त्यांनाच पहिला प्रयोग दाखवा, तिकीट नाही, बाहेरचं कुणी नाही. तिथे होणारी कुजबुज कान देऊन ऐका आणि संहिता बदला. ‘प्लेबॅक थिएटर’ नावाचा एक प्रकार आहे, 1975 मध्ये अमेरिकेत जोनाथन फॉक्स आणि जो सालास यांनी सुरू केलेला. त्यात प्रेक्षकांतला कुणीतरी गोष्ट सांगतो आणि नट ती तिथल्या तिथे करून दाखवतात. तुमच्या नटांना याचा मोह होईल. पण मुरलेला गट हवा, आणि सगळे एकमेकांना ओळखणाऱ्या गावात अनोळखीपणाचं कवच नसतं, म्हणून पहिल्याच वर्षी त्यात पडू नका. अभिवाचन बरं. वाचताना रडू नका, ही एक सूचना नटांना जरूर द्या. ज्या बाईने ते सांगितलं ती रडली नव्हती.

तिकीट लावून जाहीर प्रयोग करणार असाल तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकांच्या संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाकडे, पाठवावी लागते. म्हणजे संमतीची दुसरी फेरी त्याआधी संपलेली हवी. या हिशोबाने मे महिना तुम्हाला जमत नाही. आपल्याकडे पिठोरी अमावास्येलाही मातृदिन मानतात, तो श्रावणाच्या अखेरीस येतो, पण पावसात प्रेक्षक येत नाहीत आणि बाप तरीही सुटतातच. दिवाळीनंतरचा एखादा साधा रविवार धरा, कुठल्याच दिनाचं नाव नसलेला. फॉर्म बंद करा, ज्यांनी भरला त्यांना फोन करून बोलवा आणि येताना मुलाचं एखादं जुनं झबलं किंवा कुंची आणायला सांगा. पुरुषांना लसीकरणाचं कार्ड आणायला सांगा. घरात ते कुठे ठेवलंय हे शोधताना अर्धी गोष्ट त्यांना घरीच कळते.